ठेका कोणाचा? अप्रकाशित ध्वनिमुद्रणे, श्रेयनिश्चिती आणि ताडकळसच्या ओव्या

प्रस्तावना

मराठी गीतपरंपरेच्या अभ्यासात 'हे गीत कोणाचे?' हा प्रश्न बहुधा 'हे शब्द कोणाचे?' या अर्थानेच विचारला गेला आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा, लावणीतील कवीची छाप, भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात येणारे रचनाकाराचे नाव या सर्व शब्दकर्त्याच्या खुणा होत. चाल कोणी बांधली, ठेका कोणी धरला, ढोलकीचा तोडा कोणाच्या हातचा, याची नोंद गीतात नसते आणि गीताच्या समीक्षेतही ती क्वचितच आढळते.

याउलट स्थिती हिप-हॉप या संगीतप्रकारात दिसते. रॅपच्या शब्दांखाली वाजणाऱ्या संपूर्ण सांगीतिक बैठकीला तेथे 'बीट' म्हणतात. तालवाद्यांचे ठोके, खर्जाचे सूर आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांतून उचललेले तुकडे यांची ती जुळणी असते. एखादे अप्रकाशित ध्वनिमुद्रण हाती आले की या क्षेत्रातील जाणकार प्रथम विचारतात तो प्रश्न शब्दांविषयीचा नसतो; हा बीट कोणी केला, हा असतो. शब्द म्हणणाऱ्याचा आवाज सहसा ओळखू येतो. बीट करणारा मात्र आवाज न देता गीतात वावरतो. म्हणूनच त्याचा शोध घ्यावा लागतो.

हा प्रश्न मराठी गीतपरंपरेला लावून पाहिला तर काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथील ध्वनिमुद्रणांचे उदाहरण घेतले आहे. या गावच्या गंगूबाई अंबोरे यांच्या जात्यावरच्या ओव्या १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या आणि सुमारे दोन दशके सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या नाहीत. रूढ अर्थाने या ओव्यांचा हिप-हॉपशी काहीही संबंध नाही. परंतु अप्रकाशित ध्वनिमुद्रण, अनामिक ठेका आणि श्रेयाचा अनिर्णीत प्रश्न ही तिन्ही लक्षणे येथेही एकत्र आलेली आहेत.

'निर्माता' या शब्दाचे दोन अर्थ

हिप-हॉपच्या परिभाषेत बीट करणाऱ्याला 'प्रोड्यूसर' म्हणतात. भारतीय कायद्याच्या परिभाषेत हाच शब्द वेगळ्या व्यक्तीसाठी योजलेला आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या व्याख्येनुसार ध्वनिमुद्रणाचा 'निर्माता' म्हणजे ते तयार करण्यासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती; आणि ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' म्हणून कायदा याच निर्मात्याला ओळखतो. व्यवहारात ही व्यक्ती म्हणजे बहुधा ध्वनिमुद्रिका कंपनी असते. एकाच शब्दाने एका ठिकाणी भांडवल व जबाबदारी, तर दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष नादरचना सूचित व्हावी, ही केवळ भाषिक गंमत नव्हे. श्रेयाच्या अनेक वादांचे मूळ या संदिग्धतेत आहे.

'सांगीतिक कृती'ची कायद्यातील व्याख्या याहून बोलकी आहे. १९५७ च्या मूळ कायद्यानुसार सांगीतिक कृती म्हणजे स्वरावली व स्वरमेळ यांचा किंवा त्यांपैकी एकाचा, छापलेला, लिहिलेला अथवा अन्य प्रकारे आलेखरूप दिलेला संयोग. या व्याख्येत दोन गोष्टींना स्थान नव्हते. एक म्हणजे ताल. त्याचा उल्लेखच नव्हता. दुसरी म्हणजे अलिखित संगीत. ज्या समाजात संगीत प्रामुख्याने गुरुमुखातून, फडातून, भजनी मंडळातून आणि जात्यावरून चालत आले, त्या समाजात लिपिबद्ध नसलेली चाल ही कायद्याच्या दृष्टीने सांगीतिक कृती ठरत नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढली. रचना स्वरलिपीत नोंदवलेली असो वा नसो, संगीत रचणारा तो संगीतकार, असे कायद्याने मान्य केले. गायक-वादकांचे प्रयोगकर्ता म्हणून असलेले अधिकारही याच दुरुस्तीने आले आणि आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक अधिकार २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला.

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर काय छापले पाहिजे, हेही कायद्याने ठरवून दिलेले आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, कृतीच्या प्रताधिकारधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष हा त्यातील तपशील होय. ढोलकीवादक, झीलकरी किंवा संयोजक यांची नावे छापण्याचे बंधन त्यात नाही. कॅसेटच्या काळात खेडोपाडी पोहोचलेल्या भजन-भीमगीतांच्या वेष्टनांकडे या दृष्टीने पाहावे लागते. त्यावरचे मौन केवळ विक्रेत्याच्या बेफिकिरीतून आलेले नाही. स्वामित्वाची नोंद अनिवार्य आणि कर्तृत्वाची नोंद ऐच्छिक, अशी व्यवस्थाच तेथे प्रतिबिंबित झालेली आहे.

हिप-हॉपमधील श्रेयनिश्चिती : तीन प्रकारचे पुरावे

अप्रकाशित ध्वनिमुद्रणाचा बीट कोणाचा, हे ठरविताना तीन प्रकारचे पुरावे उपयोगात येतात : लिखित श्रेयनोंद, निर्मितिप्रक्रियेचा मागोवा आणि कानाची साक्ष. या तिन्हींच्या मर्यादा काही ज्ञात उदाहरणांवरून स्पष्ट होतात.

लिखित श्रेयनोंद हा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. परंतु नोंद खरी असूनही अपुरी असू शकते. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या अमेरिकी गटाच्या १९९६ मधील 'बीट्स, ऱ्हाइम्स अँड लाइफ' या संग्रहाचे निर्मितिश्रेय 'द उम्मा' या सामूहिक नावाने देण्यात आले. या समूहात क्यू-टिप आणि अली शहीद मुहम्मद यांच्यासोबत डेट्रॉइटचा तरुण बीटकार जेम्स यान्सी, म्हणजेच पुढे जे डिला या नावाने प्रसिद्ध झालेला कलावंत, होता. सामूहिक नावामुळे सहकार्याचे तत्त्व जपले गेले; मात्र कोणता बीट मुख्यतः कोणाच्या हातचा, हे श्रोत्यांना नोंदीवरून कळू शकले नाही.

निर्मितिप्रक्रियेच्या मागोव्यासाठी याच कलावंताचे दुसरे उदाहरण उपयुक्त ठरते. एमसीए रेकॉर्ड्स या कंपनीसाठी त्याने केलेला एक संग्रह प्रकाशित न होता पडून राहिला. २००६ मध्ये त्याचे निधन झाले आणि २०१६ मध्ये तो संग्रह 'द डायरी' या नावाने प्रसिद्ध झाला. बीटकार म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणातील बीट त्याचेच असणार, असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात या संग्रहात तो मुख्यतः रॅपर म्हणून उभा आहे आणि अनेक बीट मॅडलिब, पीट रॉक आदी इतर बीटकारांचे आहेत. मोठ्या नावाभोवती लहान-मोठ्या सर्व कृती गोळा होण्याची प्रवृत्ती किती फसवी असते, हे यावरून दिसते. नामदेव, जनाबाई, कबीर यांच्या नावावरील पदांचा अभ्यास करणाऱ्यांना ही प्रवृत्ती अपरिचित नाही.

तिसरा पुरावा कानाचा. ठोका किंचित मागे किंवा पुढे पडणे, विशिष्ट ढोलाचा नाद, तुकडा कापण्याची लकब यांवरून जाणकार हात ओळखतात. घराण्याची गायकी ओळखणाऱ्या रसिकाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. परंतु शैली अनुकरणीय असते. एखादी लकब लोकप्रिय झाली की ती पुष्कळांच्या हातात जाते आणि मग कानाचा कौल संभाव्यतेपलीकडे जाऊ शकत नाही.

या तिन्ही पुराव्यांच्या पलीकडे आणखी एक प्रश्न उरतो. बीटमध्ये उचललेल्या तुकड्याचे श्रेय कोणाचे? १९६९ मध्ये द विन्स्टन्स या गटाने 'आमेन, ब्रदर' ही ध्वनिमुद्रिका केली. त्यातील ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाचा केवळ काही सेकंदांचा एकल तुकडा पुढे हिप-हॉप व तत्सम संगीतात असंख्य वेळा वापरला गेला. कोलमन यांना त्यापोटी मानधन मिळाले नाही; २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून जमविलेली रक्कम गटप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना मिळाली. येथे वादकाचे नाव ठाऊक होते, ध्वनिमुद्रिका प्रकाशित होती, तारीखही निश्चित होती. तरीही ठेका धरणाऱ्या हातापर्यंत मोबदला पोहोचला नाही. जेथे नावच नोंदलेले नाही, तेथील स्थितीची कल्पना यावरून करता येते.

मराठी परंपरेतील नाममुद्रा आणि तिच्या बाहेरचे कर्तृत्व

मराठी परंपरेत शब्देतर कर्तृत्वाची जाण नव्हती, असे म्हणता येणार नाही. होनाजी बाळा हे जोडनाव याचे उत्तम उदाहरण आहे. होनाजी हा कवी आणि बाळा हा गाणारा. पेशवाईच्या उत्तरकाळातील या फडाने शब्द आणि कंठ या दोहोंना एकाच नावात स्थान दिले. आज शालेय पुस्तकांतून वाढलेल्या अनेकांना हे एकाच शाहिराचे नाव वाटते. जोडश्रेयाची देशी पद्धती अस्तित्वात होती. विसर पडला तो तिच्या वाचनाचा.

परभणी जिल्ह्यातीलच गंगाखेडच्या जनाबाईंची आख्यायिका या संदर्भात अधिक मार्मिक आहे. जनीसोबत विठ्ठल दळू लागतो, ही कथा भक्तीच्या अंगाने पुष्कळ वेळा सांगितली गेली. गीतनिर्मितीच्या अंगाने पाहिल्यास तिचा आणखी एक अर्थ दिसतो. नाममुद्रा जनीची, म्हणजे शब्द जनीचे. परंतु त्या शब्दांना चालविणारी जात्याची गती एकटीची नव्हती, हे लोकस्मृतीने जपून ठेवले. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात कोणाचा, हा प्रश्न परंपरेला पडला होता आणि तिने त्याचे उत्तर आपल्या परीने दिले होते.

मुद्रणयुगात मात्र हा समतोल ढळला. बहिणाबाई चौधरी यांच्या रचना त्यांचे पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. या पुस्तकाने मराठी कवितेला एक असामान्य प्रतिभा मिळवून दिली. परंतु पुस्तकात शब्द येऊ शकत होते. शेतात आणि जात्यावर म्हटलेली चाल येऊ शकत नव्हती. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांच्या रचनेला वसंत पवारांचे संगीत लाभले आणि बहुसंख्य श्रोत्यांच्या कानात आज तीच चाल आहे. ही चाल सुंदर आहे, याबद्दल दुमत नसावे. तरीही 'बहिणाबाईंचे गाणे' असे म्हणताना शब्द एका व्यक्तीचे आणि नाद दुसऱ्याचा, ही वस्तुस्थिती झाकली जाते.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गीतांबाबतही असेच घडते. अखेरच्या ओळीतील 'वामन' या नाममुद्रेमुळे शब्दांचे श्रेय टिकले. ही गीते गावोगावच्या गायकांच्या वह्यांतून आणि कंठांतून पसरली. त्या त्या ठिकाणी चाल कोणी बदलली, ढोलकीने गीताची चाल कशी पालटली, याचा इतिहास वहीत उतरला नाही. तो उतरला असेल तर जलशाच्या व कार्यक्रमांच्या घरगुती ध्वनिफितींत. आणि या फिती अप्रकाशितच आहेत.

आजच्या मुंबईच्या हिप-हॉपमध्येही हा पेच दिसतो. नेझीचे २०१४ मधील 'आफत' हे गीत आंतरजालावरून उतरवून घेतलेल्या बीटवर आयपॅडच्या साहाय्याने केलेले होते. २०१५ मधील डिव्हाइन व नेझी यांच्या 'मेरे गली में' या गीताचा बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीट याचा होता. मुंबईच्या गल्लीचे म्हणून जे गीत ओळखले जाते, त्याचा ठेका दिल्लीत घडला, ही गोष्ट 'स्थानिक आवाज' या समीक्षेतील लाडक्या संकल्पनेचा फेरविचार करावयास लावते. २०२३ मध्ये राजकीय आशयाच्या मराठी रॅप गीतांवरून राज्यात तरुणांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हाही चर्चा शब्दांभोवतीच फिरली. जबाबदारी शब्दकर्त्याची, श्रेय शब्दकर्त्याचे आणि शिक्षेचे भयही शब्दकर्त्यालाच, असे हे समीकरण आहे. २०२४ मध्ये गाजलेल्या 'तांबडी चामडी' या मराठी नृत्यगीतावर मात्र क्रेटेक्स या संगीतनिर्मात्याचे नाव गायक श्रेयसच्या नावासोबत ठळकपणे आले. हे गीत हिप-हॉपचे नव्हे. परंतु ठेका करणाऱ्याला नाव मिळण्याची सवय मराठी श्रोत्याला लागत असल्याचे ते चिन्ह मानता येईल.

ताडकळसची ध्वनिमुद्रणे

जात्यावरच्या ओव्यांचे संकलन मराठीला नवे नाही. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन' या संग्रहापासून लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांपर्यंत त्याची मोठी परंपरा आहे. या संकलनांतील मांडणी प्रामुख्याने नाती, सण, देवदेवता अशा आशयसूत्रांनुसार असते. पुण्यात गी पॉइटवें व हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या प्रकल्पाचे वेगळेपण असे, की त्यात ओवीसोबत ती म्हणणाऱ्या स्त्रीचे व गावाचे नाव नोंदले गेले. एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून जमा झाल्या. पुढे या प्रकल्पाला ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय संग्रहाची जोड मिळाली ती बर्नार्ड बेल यांच्यामुळे. हे तेच बेल होत, ज्यांनी १९८० च्या दशकात जेम्स किपेन यांच्यासह लखनौच्या तबलावादनाच्या विश्लेषणासाठी 'बोल प्रोसेसर' ही संगणकप्रणाली विकसित केली होती. तालाच्या व्याकरणाचा अभ्यासक ओव्यांच्या प्रकल्पात यावा, हा योग अर्थपूर्ण आहे.

या ध्वनिमुद्रणांत ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज वेगळा उठून दिसतो. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांच्या गळ्यातून येतात तेव्हा त्यातील दुःख पौराणिक राहत नाही. २०१७ पासून हा संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजेच पारी, या संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला आणि गंगूबाईंच्या ओव्याही श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या. तेथे त्यांच्या नावासह त्या ऐकता येतात, ही मोठीच उपलब्धी होय.

आता मूळ प्रश्न विचारता येतो. या ओव्यांचा ठेका कोणाचा? त्याची चार संभाव्य उत्तरे आहेत.

पहिले उत्तर : ठेका जात्याचा. ओवीची लय दळणाच्या फेऱ्यातून येते. दोघी समोरासमोर बसून खुंटा ओढतात. दाण्याची जात, पाळूचे वजन, टाकी लावून किती दिवस झाले, हातातील जोर या सर्वांनी गती ठरते. या अर्थाने ठेक्याचा कर्ता म्हणजे श्रम. पिठाच्या गिरण्या आल्यानंतर जाते न फिरविता ज्या ओव्या म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित केल्या गेल्या, त्यांत हा ठेका ऐकू येत नाही. परंतु शब्दांच्या ताणण्यात, श्वास घेण्याच्या जागेत तो शिल्लक असतो. वाद्य काढून घेतल्यावरही अंगात उरलेली लय, असे त्याचे वर्णन करता येईल.

दुसरे उत्तर : ठेका परंपरेचा. चाल, जिला बायका 'गळा' म्हणतात, ती आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून आलेली असते. ती एकीची म्हणता येत नाही.

तिसरे उत्तर : ठेका गाणारणीचा. छापलेली ओवी साधारणतः दोन ओळींची दिसते. गायलेल्या ओवीत मात्र 'बाई', 'गं', 'सये' अशी संबोधने मध्ये येतात, अर्धी ओळ पुन्हा म्हटली जाते, एखादे अक्षर लांबविले जाते. कोठे थांबावे आणि काय पुन्हा म्हणावे, हा निर्णय गाणारणीचा असतो. लेखी संहितेतून या जागा 'निरर्थक पुनरुक्ती' म्हणून वगळल्या जातात. नेमक्या त्याच जागी गाणारणीचे कर्तृत्व असते. एकाच आशयाची ओवी अनेक गावांत आढळते. सीतेचा वनवास अनेकींनी गायला. मग गंगूबाईंचे वेगळेपण शब्दांत शोधून सापडणार नाही. ते या मांडणीत शोधावे लागेल.

चौथे उत्तर : ठेका सोबतिणीचा. जात्यावर दुसरी बाई असते. ती ओढते, झील धरते, कधी पुढची ओवी सुचविते. नोंदीत तिचे नाव येईलच असे नाही. जनीच्या आख्यायिकेने जे स्थान विठ्ठलाला दिले, ते या दुसऱ्या बाईला अभ्यासाने अद्याप दिलेले नाही.

ही चारही उत्तरे एकाच वेळी खरी आहेत. हिप-हॉपमधील प्रश्न जसाच्या तसा ओवीला लावला तर एका बीटकाराचा शोध घेण्याचा मोह होईल आणि तो चुकीचा ठरेल. परंतु प्रश्नच विचारला नाही, तर ही चार उत्तरे वेगळी दिसणारही नाहीत.

'पारंपरिक' या शब्दाची किंमत

यावर एक आक्षेप संभवतो. लोकगीत हे समूहाचे असते. त्यात कर्त्याचा शोध घेणे म्हणजे आधुनिक व्यक्तिवाद लोकपरंपरेवर लादणे होय, असे म्हटले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. गंगूबाईंना ओवीची एकमेव कर्ती ठरविणे म्हणजे ज्या शेकडो अनामिक स्त्रियांकडून ती ओवी त्यांच्यापर्यंत आली, त्यांना पुसून टाकणे होय.

परंतु या आक्षेपाची दुसरी बाजू व्यवहारात अधिक परिणाम करते. गीताच्या श्रेयनोंदीत 'पारंपरिक' हा शब्द आला, की त्याचा व्यावहारिक अर्थ 'येथे कोणाचेही देणे लागत नाही' असा होतो. संगणकावर ध्वनीचा तुकडा कापून त्यावर नवे गीत उभारणे आज घरबसल्या शक्य आहे. एखाद्या वृद्ध स्त्रीचा कातर, दाणेदार आवाज आजच्या बीटकाराला आकर्षक कच्चा माल वाटू शकतो. असा तुकडा उचलला गेला तर जात्याचा घुमार, गाणारणीचा श्वास, अर्ध्या ओळीवरची थांबण्याची जागा हे सर्व नव्या गीतात वाजेल आणि श्रेयाच्या जागी 'पारंपरिक' असे लिहिले जाईल. शब्द कदाचित परंपरेचे असतील. तो श्वास परंपरेचा नाही, एका विशिष्ट स्त्रीचा आहे. शब्दाची सामूहिकता मान्य करूनही प्रयोगाची व्यक्तिविशिष्टता नाकारता येत नाही. कायद्याने रचनाकार आणि प्रयोगकर्ता असा भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो.

प्रकाशित-अप्रकाशित हा भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकाराची ६० वर्षे प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजली जातात. प्रयोगकर्त्याच्या अधिकाराची ५० वर्षे प्रयोगाच्या पुढील वर्षापासून. याचा अर्थ, ध्वनिमुद्रण कपाटात पडून असेपर्यंत निर्मात्याचे घड्याळ सुरूच होत नाही, गाणारणीचे मात्र सुरू झालेले असते. उशिरा प्रसिद्ध होणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा लाभ घेण्यास निर्मात्याला अवधी उरतो. गाणारीचा वा तिच्या वारसांचा अवधी मधल्या काळात घटत जातो. अप्रकाशित ध्वनिफितींविषयीची उदासीनता त्यामुळे तटस्थ नसते. ती एका पक्षाच्या बाजूने काम करते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी हाती लागतात. पहिली अशी, की श्रेय आणि स्वामित्व या भिन्न गोष्टी आहेत. स्वामित्वाचा निर्णय न्यायालयाचा. श्रेयाचा निर्णय समीक्षेचा. मराठी समीक्षेने हे काम शब्दांपुरते केले आणि नादाच्या बाबतीत सोडून दिले.

दुसरी अशी, की श्रेय हे एका नावात मावत नाही. 'द उम्मा'सारखे सामूहिक नाव व्यक्तीला झाकते, एकट्या प्रतिभावंताचे नाव सहकाऱ्यांना झाकते आणि 'पारंपरिक' हे विशेषण सर्वांनाच झाकते. होनाजी बाळा या जोडनावाने दाखविलेला मार्ग अधिक न्याय्य आहे : भूमिका वेगळ्या नोंदवाव्यात आणि त्या जोडूनच वाचाव्यात.

तिसरी गोष्ट महाविद्यालयांशी संबंधित आहे. मराठवाड्यातील मराठी व संगीत विभागांतून लोकगीतसंकलनाचे प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घेतले जातात. त्यांत गीताची संहिता असते, अर्थ असतो, वर्गीकरण असते. यापुढे प्रत्येक नोंदीत शब्द कोणाकडून आले, चाल कोणाकडून आली, ठेका कशाचा व कोणाचा, सोबतीला कोण होते, ध्वनिमुद्रण कोणी व कधी केले आणि गाणारीने कशासाठी संमती दिली, हे रकाने असावेत. प्रत्येक रकान्यासमोर पुराव्याचा प्रकारही लिहावा : लिखित नोंद, सांगणाऱ्याची साक्ष की केवळ कानाचा अंदाज. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. तेथे 'पारंपरिक' असे लिहू नये. रिकामा रकाना पुढच्या अभ्यासकाला शोधास प्रवृत्त करतो, तर भरलेला खोटा शब्द शोध थांबवितो.

घरोघरी असलेल्या ध्वनिफिती झिजत आहेत आणि त्यांतील आवाज ओळखू शकणारी माणसे वयोवृद्ध होत आहेत. ढोलकी कोणाची, असे विचारल्यावर क्षणात नाव सांगणारी व्यक्ती आज गावात असते. ती गेल्यावर उरतो तो केवळ कानाचा अंदाज. ताडकळसच्या ध्वनिमुद्रणांत गाणारीचे नाव नोंदले गेले, कारण संकलकांनी ते वेळेवर विचारले. ठेक्याबाबतही तसे विचारण्याची वेळ अद्याप टळलेली नाही.